टपावरचं गोणपाट

“काकू, ह्याला केबिन नाही, चाळण म्हणतात,” ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून पोपट म्हणाला. “एसी बसवला तर सगळ्या कात्रजला गारवा मिळेल. तुम्हाला सोडून.”

“मग भोकं बुजव की,” आनंदीबाई म्हणाल्या आणि गॅरेजमधली एकुलती एक खुर्ची ओढून बसल्या. होकार मिळाल्याशिवाय ही बाई उठणार नाही, हे पोपटला तेव्हाच कळलं.

त्यानं आजवर मोटारींचेच एसी बसवले होते. ट्रॅक्टर घेऊन आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक, आणि तेही साठीतली बाई, साडीवर मुलाचे जुने बूट घातलेली.

“उन्हात जाऊच नका ना,” तो म्हणाला.

“डाक्टर पण त्येच म्हनला. त्येला रान न्हाई. मला हाय.”

गेल्या उन्हाळ्यात नांगरता नांगरता आनंदीबाईंना भोवळ आली होती आणि ट्रॅक्टर बांधाला जाऊन थडकला होता. पहाटे नांगरावं, तर गाव महापालिकेत गेल्यापासून रानाच्या तिन्ही बाजूंना सोसायट्या उभ्या. तिथली मंडळी गॅलरीतून हिरवं रान दिसतं म्हणून फ्लॅट घेतात आणि त्या रानात ट्रॅक्टर सुरू झाला की झोपमोड होते म्हणून पोलिसांना फोन करतात. रान आपोआप हिरवं होत असावं, असा त्यांचा समज. त्यामुळे नांगरटीला भर दिवसाचं ऊनच उरलं होतं.

“आई, प्रॅक्टिकली बघ ना,” त्यांचा मुलगा सार्थक म्हणायचा. “पार्किंगवाला रेडी आहे, जागा रेंटवर देऊन टाकू. तू कशाला रिस्क घेतेस?” मुलगा वाईट नव्हता. त्या दिवशी आईला उचलून रिक्षात घालताना तो हमसून रडला होता. म्हणूनच आनंदीबाईंनी त्याला शब्द दिला होता. एसी लावून एकदा बघायचं. नाहीच झेपलं तर रान पार्किंगला. मग त्या हूं की चूं करणार नव्हत्या.

पोपटनं मनावर घेतलं. फटी रबरानं बुजवल्या, पत्र्याला आतून थर्माकोल लावला आणि एसीची पेटी टपावर बसवली.

रविवारी सार्थक मुद्दाम रानात येऊन लिंबाखाली बसला. सकाळचं काम झकास झालं. आनंदीबाईंना तर चक्क थंडी वाजली, त्यांनी कानाभोवती पदर गुंडाळला. दुपारी त्या भाकरी खाऊन, हात धुऊन पुन्हा आत बसल्या आणि एसीतून गरम हवा येऊ लागली. थोड्या वेळानं थांबेल, असं त्यांना वाटलं. थांबली नाही. अंगाला घामाच्या धारा लागल्या तरी त्यांनी नांगर वर घेतला नाही. शेवटी सार्थक धावत आडवा आला.

“बास, आई. शब्द दिला होतास.”

“भोवळ कुठं आलीय अजून?” त्या दम खात म्हणाल्या. “पोपटला फोन लाव.”

पोपट स्कूटरवरून आला, त्यानं वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. “एसीच्या डोक्यावर ओलं गोणपाट कोणी टाकलं? आतली गरम हवा बाहेर पडायची कुठून? नाक दाबून धावायला लावलंत की त्याला!”

कोणी टाकलं, हे विचारायची गरजच नव्हती. आनंदीबाईंचे नवरे, जयसिंगराव, आकडीची काठी धरून तिथंच उभे होते.

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि ट्रॅक्टर बायकोच्या हातात आला. तेव्हापासून त्यांच्याकडे हे एकच काम उरलं होतं. दुपारी ती जेवायला उतरली की गोणपाट बोअरच्या पाण्यात भिजवायचं आणि डाव्या हातानं, आकडीला अडकवून, टपावर टाकायचं. पत्रा तेवढाच निवायचा. आजही त्यांनी टाकलं होतं. रोजचंच म्हणून आनंदीबाईंचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं.

“मला... वाटलं,” जयसिंगराव एकेक शब्द जुळवत म्हणाले, “त्यालाबी... गार वाटंल.” मग त्यांनी काठी लिंबाला टेकवून ठेवली. “आता... नगं टाकाया.”

“सिंपल आहे मग,” सार्थकचा जीव भांड्यात पडला. “बाबा, उद्यापासून गोणपाट बंद.”

रान राहिलं, याचा आनंदीबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना झाडाला टेकवलेली ती काठीच दिसत राहिली. उद्यापासून हा माणूस दिवसभर काय करणार?

“पोपट, गोणपाट ऱ्हानार,” त्या म्हणाल्या. “तू एसीचं बघ.”

“काकू, दोन्ही नाही जमणार.”

“न जमाया काय झालं? एसीवर मांडव घाल. वर गोणपाट, खाली वारा.”

पोपट टपाकडे बघत राहिला. “जाळीचा करावा लागेल. हातभर उंच.” मग जरा नाराजीनंच म्हणाला, “सावली पडेल, हे खरं.”

“आई, पण त्याची गरज काय आहे?” सार्थकनं विचारलं.

“मला हाय,” त्या म्हणाल्या. विषय संपला.

मांडव झाला. दुपारी जेवण उरकून आनंदीबाई आत बसल्या, पण त्यांनी ट्रॅक्टर चालू केला नाही. बाहेर जयसिंगरावांनी ओलं गोणपाट आकडीनं वर चढवलं. एक कोपरा दुमडला. त्यांनी तो काठीनं सोडवला, पुन्हा दुमडला, पुन्हा सोडवला. आनंदीबाई वाट बघत राहिल्या. गोणपाट सरळ झालं तेव्हा ते खिडकीशी आले आणि काहीतरी बोलले.

काच बंद होती. रोज ऐकू येणारा त्यांचा प्रश्न आज फक्त ओठांवर दिसला. गार झालं का गं? आनंदीबाईंनी मान डोलावली.

वरून पाणी निथळलं आणि पुढच्या काचेवर ओघळ उतरले. वायपरचं बटण हाताशीच होतं. आनंदीबाईंनी ते दाबलं नाही. काच आपोआप मोकळी होईपर्यंत त्या बसून राहिल्या. मग त्यांनी इंजिन चालू केलं आणि नांगर खाली सोडला.