वीतभर जागा

"उतरा ना आई, का इथंच मुक्काम करताय?" ट्रोट्रो गाडीचा कंडक्टर खेकसला, तेव्हा कुठे बिरागोच्या लक्षात आलं की ओडासोचा बाजार आला. एरवी लांबूनच पत्र्यांची छपरं दिसायची. आज तिथे नुसतं आभाळ होतं.

तिच्या खांद्यावर सुतकाचं काळं-तांबडं वस्त्र तसंच होतं. थोरल्या भावाच्या मयताला ती गावी गेली होती. शनिवारी माती, रविवारी चर्च, मग आल्यागेल्याचं जेवणखाण. सख्ख्या बहिणीला त्यातून उठता येतं थोडंच? इकडे शनिवारीच बाजार जळाला. रविवारी संध्याकाळी चर्चच्या दारात कुणीतरी तिला ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की सोमवारी सकाळी बाजार समितीचा माणूस चुन्याची फक्की घेऊन येणार आहे. जी बाई आपल्या जागेवर उभी असेल, तिच्याभोवती चौकोन आखणार. रिकाम्या जागा तिथे होणाऱ्या काचेच्या नव्या इमारतीला जाणार.

पहाटेचा ट्रोट्रो भरेपर्यंत जागचा हलला नाही. बिरागो आत बसून चरफडत राहिली. गोऱ्यांच्या देशांतून येणारे जुने कपडे ती विकायची. कपडे जळाले तर जळाले, नवं गाठोडं फोडता येतं. पण जागा गेली की बाई पुन्हा रस्त्यावर, डोक्यावर गाठोडं घेऊन दारोदार. तरुणपणी ते तिने केलं होतं. आता गुडघे तिला चर्चच्या पायऱ्याही चढू देत नव्हते.

घाईघाईने ती वळणावर आली आणि थबकलीच.

राखेत अख्खा बाजार उभा होता. भिंत नाही, खांब नाही, खूण म्हणून एक वीटसुद्धा नाही, आणि तरीही प्रत्येक बाई आपापल्या जागी उभी होती. माशांची गल्ली माशांच्या जागी, भांड्यांची भांड्यांच्या. मधल्या वाटा रिकाम्या, सरळ. कोळशाची पोती घेऊन दोघीजणी चालल्या होत्या, त्याही जुन्याच कोपऱ्यावर वळल्या. बिरागोच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण इतकी वर्षं ज्याला बाजार म्हणत होतो, तो पत्र्यांचा नव्हताच की काय, असं तिला वाटलं. चर्चमध्ये जाताना वाकवावी तशी तिने मान वाकवली आणि आत शिरली.

तिची गल्ली मात्र काहीतरी विचित्रच दिसत होती. तिथल्या झाडून साऱ्या बाया पाय फाकवून उभ्या होत्या. फक्कीचं घमेलं घेतलेला समितीचा तरुण त्यांच्यापुढे घामाघूम झाला होता.

"आली गं, आली बाई एकदाची!" पडदे विकणारी कोनादू ओरडली. "ये लवकर, आमच्या मांड्या भरून आल्या!"

"हे काय चाललंय?"

"काय चालायचंय? हे लेकरू म्हणालं, तुझी जागा रिकामी. तर ही डुफी एक पाय स्वतःच्या जागेत आणि एक तुझ्या जागेत रोवून उभी. हा म्हणतो, एका बाईला एकच जागा. मग आम्हीही सगळ्यांनी पाय फाकवले. म्हटलं, मोज बाबा आता. बाया मोजतोस की पाय?"

गल्लीभर हशा पिकला. तरुणानेही शेवटी हसून कपाळ पुसलं.

बिरागो हसली नाही. ती डुफीकडे बघत राहिली. डुफी, शेजारची बूटवाली. तिचं टेबल एकदा वीतभर बिरागोच्या जागेत आलं आणि दोघींचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. तेव्हापासून डुफी बोलायची ती बुटांशी आणि बिरागो बोलायची ती कपड्यांशी. "काही बायकांना देवाने डोळे दिलेत, पण हद्द दिसत नाही," असं बिरागो एखाद्या सदऱ्याला सांगायची. मग डुफी चपलेला सांगायची, "काहींना वीतभर जमिनीत राजवाडा बांधायचाय गं बाई." आणि हीच बाई सकाळपासून उन्हात आपली जागा राखत उभी होती.

"आई, उभ्या राहा इथे," तरुण म्हणाला. बिरागो आपल्या जागेवर उभी राहिली. डुफीने पाय मागे घेतला. भांडणातल्या त्या वितीच्याही मागे घेतला. फक्कीची पांढरी रेघ दोघींच्या मधून गेली आणि तरुण पुढच्या जागेकडे वळला.

डुफीने पायाशी पडलेला एक जळका बूट उचलला. ती त्याला काहीतरी टोचून बोलणार, हे बिरागोला पक्कं ठाऊक होतं. पण डुफीने बूट खाली ठेवला आणि सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"बिरागो," ती म्हणाली, "दुःख मोठं झालं गं तुझ्यावर."

दोन दिवस बिरागोने अख्ख्या गावाचं सांत्वन कोरड्या डोळ्यांनी ऐकून घेतलं होतं. आता मात्र तिचा बांध फुटला, आणि सगळ्या गल्लीसमोर ती पोरीसारखी रडली. सकाळपासून ताणून उभं राहिल्याने डुफीचे पाय थरथरत होते.

इतक्या वर्षांत बिरागोची सरळ बोलायची सवयच मोडली होती. शेवटी तिने खांद्यावरचं सुतकाचं वस्त्र काढलं, त्याची घडी केली, त्या वीतभर जागेवर अंथरली आणि समोरच्या राखेलाच म्हणाली,

"कुणाचे पाय दुखत असतील, तर बसावं म्हणावं."

डुफी बसली.