आठवी पायरी

पेटीनं आमची दरवाढ मंजूर केली. सही झाली, शिक्का बसला, शिक्क्याची शाई माझ्या अंगठ्याला लागली.

आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. पेटीचं अधिकृत म्हणणंही तेच आहे. दोन वर्षं तिच्याशी भांडल्यावर निदान एका मुद्द्यावर तरी तिच्याशी सहमत व्हावं, असं मी ठरवलंय.

पेटी म्हणजे सरकारी आरोग्य विमा. खरं नाव बरंच लांब आहे, पण ते फक्त पाटीवर. पेशंटचे पैसे पेटी देते, म्हणून आम्हा फिजिओथेरपिस्टांचे दरही पेटीच ठरवते. दोन वर्षांपूर्वी तिनं दर सेशनमागे सव्वा युरो वाढ कबूल केली. जुलैत देते म्हणाली. जुलैत म्हणाली, जानेवारीत. जानेवारीत म्हणाली, कसला जुलै? सव्वा युरोत आमच्याकडे एक कॉफी येते, तीसुद्धा काउंटरपाशी उभ्यानं प्यायली तर.

माझी वरिष्ठ आर्मेल व्होझेल गेली एकतीस वर्षं मोंफालमध्ये दवाखाना चालवते. मोंफाल हे असं गाव आहे की पॅरिसचे लोक इथून जाताना गाडीत झोपलेले असतात. मे महिन्यात एका सकाळी तिनं मला चावी दाखवली.

"गाएताँ, जूनअखेर ही मी घरमालकाला देणार. समुद्राकाठच्या एका हॉटेलानं बोलावलंय. ज्यांना काही झालेलं नाही अशा लोकांचे खांदे रगडायचे. दुप्पट पैसे."

"आणि मी?"

"तू तरुण आहेस. तुला अजून काही झालेलं नाही. तूही पेशंट म्हणून ये."

दवाखाना बंद झाला तर पुढचा फिजिओ सत्तेचाळीस किलोमीटरवर. आणि आमच्याकडे होते मोस्यू लास्कू.

लास्कू एकोणऐंशी वर्षांचे, जन्माचे गवंडी. हिवाळ्यात डाव्या अंगाला लकवा मारला. त्यांचा पलंग माडीवर, जिन्याला तेरा पायऱ्या. म्हणून ते खाली स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी खाट टाकून झोपत. "सारखा गुरगुरतो मेला," ते सांगत. "बायको चाळीस वर्षं शेजारी झोपली, पण एवढी कधी गुरगुरली नाही." त्यांना स्वतःच्या पलंगावर झोपायचं होतं, एवढंच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीस सेशन लिहिलेली होती. एकोणतीस झाली. सपाटीवर ते दोन काठ्या घेऊन चालू लागले, पण पायरी एकही चढले नव्हते. आमच्याकडे सरावासाठी लाकडी पायरी आहे, तिच्याकडे बघून ते म्हणाले, "खोक्यावर चढायला मी काय कोंबडा आहे? मला दगड द्या."

मोंफालमध्ये चढण्याजोगा दगडी जिना एकच, पेटीच्या कचेरीचा. सात पायऱ्या. कचेरीला लिफ्टसुद्धा आहे, पण ती आत, पायऱ्या चढून गेल्यावर.

"त्या मीच बसवल्यात," लास्कू म्हणाले. "त्र्याहत्तर साली. चौथी बोटभर उंच आहे. जेवणाची सुट्टी होत आली होती, घाई केली."

योगायोग असा, की पाच जूनला आम्हा जिल्ह्यातल्या फिजिओंचा मोर्चा त्याच कचेरीवर निघणार होता. मोर्चाच्या दिवशी सेशन बुडतात, पण आर्मेलनं एकतीस वर्षांत एकही बुडवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मोर्चा तिथं, पायऱ्याही तिथं. त्यांचं तिसावं सेशन तिथंच घेऊ. बाकीच्या चालणाऱ्या पेशंटांनाही नेऊ. दोन अर्ज लिही."

इथं आमच्या भाषेची गंमत सांगायला हवी. आम्ही चालण्याला मार्श म्हणतो. मोर्च्यालाही मार्श म्हणतो. आणि जिन्याच्या पायरीलाही मार्शच म्हणतो. पूर्वजांकडे शब्द कमी होते, वेळ भरपूर होता.

तर एक अर्ज जिल्हा कचेरीला: मार्श, म्हणजे मोर्चा. दुसरा अर्ज पेटीला: मार्श, म्हणजे पेशंटांचा चालण्याचा सराव, कारण दवाखान्याबाहेर सेशन घ्यायचं तर पेटीची पूर्वसंमती लागते. दोन्ही मी वीस मेला दुपारी, एका हातानं जेवता जेवता लिहिले आणि दोन पाकिटांत घातले. कुठला कुठल्यात, ते माझ्या मते मला माहीत होतं.

पाच जूनला सकाळी आम्ही नदीच्या पुलावर जमलो. बावीस फिजिओ आणि अकरा पेशंट. पेटी तिथून चारशे मीटर. इतक्यात दोन मोटारसायकली आल्या, त्यांच्यामागे निळी गाडी. गाडीतून मिशीवाला पोलीस उतरला. मला वाटलं, आता मोर्चा अडवणार. त्यानं कागद उघडला, आमच्या काठ्या मोजल्या, वॉकर मोजले आणि मान डोलावली.

"बरोबर आहे. मी पुढं राहतो. ताशी किती वेगानं जाणार?"

लास्कूंनी विचार करून सांगितलं, "गोगलगायीला वाईट वाटणार नाही, एवढ्या."

आणि आम्ही निघालो.

यापुढचं मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. मी पाच वर्षं माणसांचे सांधे शिकलो. एक पाऊल टाकायला किती स्नायू लागतात, ते मी परीक्षेत लिहून आलोय आणि त्यातले तीन चुकलोय. पण अकरा माणसं एका रस्त्यावर एकाच वेळी ते पाऊल टाकताना मी कधी बघितली नव्हती. आधी काठी, मग पाय, मग एक क्षण काहीच नाही. त्या क्षणात माणूस हवेत असतो, आणि पुढचं पाऊल येईल याची हमी कोणीही देत नाही, पेटी तर नाहीच. मग पाऊल येई. दर वेळी ते आलं की आमच्या बावीस जणांचा श्वास सुटे. घोषणा छापून आणल्या होत्या, त्या खिशातच राहिल्या. 'सव्वा युरो! सव्वा युरो!' असं ओरडायला कोणाचं तोंडच उघडेना.

आमच्यामागं पाववाल्याची गाडी अडकली, मग ट्रॅक्टर, मग गुरांचा ट्रक. पाववाल्यानं एकदा हॉर्नवर हात ठेवला आणि, का कोण जाणे, काढून घेतला. लोक दुकानांच्या दारात आले. न्हाव्याकडचं गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेली तशीच घेऊन उभं राहिलं. ट्रकमध्ये चौदा गायी होत्या, त्यातली एकही हंबरली नाही. चारशे मीटरला एक तास पन्नास मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात मोंफालमध्ये कोणालाही कुठंही जायचं नव्हतं.

पेटीच्या कचेरीपुढं उपसंचालिका मादाम तिक्सिए हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"हे काय चाललंय? इथं जमाव करायची परवानगी कोणी दिली?"

पोलिसानं कागद डोळ्यांजवळ नेला. "'रुग्णांस सपाट रस्त्यावर चारशे मीटर चालवावे. त्यानंतर रुग्ण लास्कू यांनी पायऱ्या चढण्याचा प्रयत्न करावा. घाई करू नये.' खाली जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का. मादाम, बाजूला व्हा. आणि घाई करू नका, तसा आदेश आहे."

आर्मेल सावकाश माझ्याकडे वळली.

"गाएताँ. हा पेटीचा अर्ज आहे."

"हो."

"मग पेटीला काय गेलं?"

"बहुतेक... मोर्चा."

ती आणखी काही बोलणार होती, पण लास्कूंनी काठी पहिल्या पायरीवर टेकवली होती. ती झटकन त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. हात पसरलेले, कमरेपासून वीतभर लांब. ती धरत नाही. तिच्या एकतीस वर्षांतली चार मी तिच्यासोबत काढली, त्यांत ही एकच गोष्ट शिकलोय: धरायचं नाही, पण पडू द्यायचं नाही.

पहिली. दुसरी. तिसरीवर ते थांबले.

"पुढची चौथी," ते म्हणाले.

"माहितेय," आर्मेल म्हणाली.

"बोटभर उंच आहे."

"माहितेय."

"कुठल्या गाढवानं बसवली?"

"तुम्ही, मोस्यू लास्कू."

"मग मला तिला जाब द्यायलाच हवा."

त्यांनी धड पाय वर ठेवला. डावा पाय निघाला आणि काठावर अडला. एका बोटानं. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका जेवणाच्या घाईनं. चौकात एवढी शांतता झाली की गुरांच्या ट्रकचं इंजिन आपणहून बंद पडलं. पोलिसानं टोपी काढली. लास्कू हलत नव्हते. आर्मेलचे हात हलत नव्हते. मी बघितलं तर तिक्सिएबाई स्वतःचा डावा पाय उचलून उभ्या होत्या, एका टाचेवर, आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं.

मग तो पाय वर आला. कसा, ते मला विचारू नका; मी पाच वर्षं शिकलोय, मला माहीत नाही.

पाचवी, सहावी, सातवी. वर पोचल्यावर लास्कूंनी मागं वळून आपल्या कामाकडे नजर टाकली आणि म्हणाले, "चौथी सोडली तर बरी आहेत." आणि खाली बसले. कोणीही टाळी वाजवली नाही. न्हाव्याचं गिऱ्हाईक रडत होतं, एका गालावर फेसासकट.

तिक्सिएबाई आत गेल्या आणि फाईल घेऊन आल्या.

"वीस मेचा अर्ज. प्रकार: मार्श. सहभागी: तेहतीस. उद्देश: दर सेशनमागे सव्वा युरो वाढ, तात्काळ." त्यांनी पान उलटलं. "पूर्वसंमतीच्या अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर दिलं नाही, तर संमती आहे असं समजतात. आमचाच नियम."

"मग उत्तर दिलंत का?" आर्मेलनं विचारलं.

"आम्ही कोणालाच उत्तर देत नाही, मादाम. काल पंधरा दिवस झाले."

त्या सातव्या पायरीवर लास्कूंच्या शेजारी टेकल्या, मांडीवर कागद ठेवून 'मौनाने मंजूर' असं लिहिलं, सही केली. शिक्का त्यांनी माझ्याकडे दिला, कारण त्यांनी दुसऱ्या हातात लास्कूंची एक काठी धरली होती. मी घाई केली, म्हणून अंगठ्याला शाई.

आठ दिवसांनी पेटीचं पत्र आलं. पाच जूनचा मार्श झालेला नाही असे समजण्यात यावे. सबब त्याची मंजुरीही झालेली नाही.

आर्मेलनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी ती हसली.

"झालेलाच नाही, तर लास्कूंचं तिसावं सेशनही झालेलं नाही. एक शिल्लक आहे." तिनं हॉटेलला फोन लावला. "हो, येईन. पण चिठ्ठी अर्धी टाकून मी जात नाही. एक सेशन राहिलंय. कधी होईल? पेटीला विचारून सांगते."

तोवर ती रोज लास्कूंच्या घरच्या जिन्यावर 'तिसाव्या सेशनची पूर्वतयारी' करून घेते. पूर्वतयारीला दरच नाही, त्यामुळे तो वाढायचा प्रश्न नाही. लास्कू आता सातव्या पायरीपर्यंत जातात आणि तिथं बसून फ्रिजकडे तुच्छतेनं बघतात. सहा राहिल्यात. चावी घरमालकाला दिलेली नाही. अर्ज मी लिहिला, पाकीट मात्र आर्मेलनं स्वतः बंद केलं:

प्रति, उपसंचालिका, आरोग्य विमा कचेरी, मोंफाल. विषय: रुग्ण लास्कू यांचे शिल्लक सेशन क्रमांक तीस. महोदया, सदर सेशन नवीन पायरी चढण्यासाठी राखीव आहे. आपल्या इमारतीच्या सातही पायऱ्या रुग्णाच्या, सेशन झालेले नसतानाच, चढून झाल्या असून, एकदा झालेले काम पुन्हा करण्यास आपल्या नियमांत तरतूद नाही. तरी उपरोक्त इमारतीस आणखी एक, आठवी, दगडी पायरी लवकरात लवकर बसवून मिळावी, ही नम्र विनंती. उंची सतरा सेंटिमीटर असावी. काम जेवणाच्या सुट्टीआधी करू नये.