नांदगाव / शिक्षण / बदली

गठ्ठ्यातून अर्धवट बाहेर आलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी... कोपरा वाळवीने खाल्लेला, पण तिरप्या रेघा शाबूत – नांदगाव, रेघ, शिक्षण, रेघ, बदली. देवमनने ती बोटाने दाबून धरली. पावसाळ्यापासून जिच्यासाठी अकोल्याच्या या रेकॉर्डखोलीत धूळ खाल्ली, ती बायकोच्या बदलीची फाइल शेतजमिनीच्या कागदांत पडून होती, आणि आनंद व्हायचा तर त्याला नुसता संताप आला.

अमरावतीची कचेरी आधी गाव लिहिते, मग खाते. अकोल्यात आधी खाते, मग गाव. आणि दोन्हीकडचे शहाणे पहिली रेघ आली की वाचणेच बंद करतात! 'नांदगाव' दिसले ना – टाक गावांच्या जमिनीच्या गठ्ठ्यात. आणि तेवढ्यापायी नवरा अकोल्यात, मास्तरीण बायको नांदगाव खंडेश्वरात, पंचशील म्हणून लागलेल्या लग्नाचे पहिले वर्ष एसटीच्या बाकावर...

"सापडली काय जी वहिनीची फाइल?" दारातून डोमाजीने विचारले. डोमाजी दप्तरी होता. दुसऱ्यांच्या घरची चौकशी हीच त्याची खरी नोकरी.

"पाहून राहिलो," देवमन म्हणाला, आणि चिठ्ठीवर तळहात ठेवला. का ठेवला?

त्याला आठवला मागचा रविवार... नांदगावात घाम पुसत मी बायकोच्या दारात उभा, आणि शकुन शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासता तपासता मान वर करून म्हणाली, "इतक्या उन्हात काहून आले जी?" काळजीनेच म्हणाली असेल. पूर्वी चपला काढायच्या आत विचारायची, फाइलीचं काय झालं. या वेळी जेवण झाले, भांडी झाली, शेजारच्या सुंदराबाईशी हसणे झाले – मोकळे, मी कधी न ऐकलेले – आणि फाइलीचे नाव नाही. मीही काढले नाही. दोघांनी मिळून कचेरीला चार शिव्या दिल्या असत्या, तर किती बरे वाटले असते!

आता फाइल वर गेली की हेडक्लार्क उत्तमराव शकुनला विचारतील, येता का? ती येईल. किंवा लिहील, शाळा सोडवत नाही... मग बोटे कोणाच्या नावाने मोडायची?

"नाई सापडली तं उद्या मी पाह्यतो," डोमाजी म्हणाला.

"नको. मीच पाहीन."

डोमाजी गेला. देवमनचा तळहात अजून चिठ्ठीवरच होता. फाइल चुकीच्या जागी टाकणाऱ्या त्या लोकांचा राग आता काही केल्या येईना. उलट हायसे वाटत होते – आणि आपल्याला हायसे वाटते आहे, याचीच त्याला किळस आली.