डोळ्यातला ठिपका

“आदी त्या ट्यूबा बंद करा. मी समईपुढंच म्हनतंय,” बायजाबाईंनी बसल्या जागेवरून फर्मान सोडलं. दिवाळे गावातल्या त्या हळदीच्या मांडवात डीजे मुकाट थांबला, दिवे गेले आणि फोटो काढायला आलेल्या चंद्रशेखरला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

चंद्रशेखर बेलापूरच्या एका कचेरीत कारकून. तिथे त्याला कुणी विचारत नसे; पण अंधारात गाणाऱ्याचा फोटो काढावा तर आपणच, अशी त्याची समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. फ्लॅश तो कधी मारत नसे. गाणाऱ्याच्या तोंडावर उजेड फेकणं म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटात हात घालणं, असं तो भेटेल त्याला ऐकवी. लेन्स पूर्ण उघडायची, श्वास रोखायचा आणि गाणारा सूर लांबवतो तिथे बटण दाबायचं.

बायजाबाई धवलारीण. लग्नघरी देवांना बोलावणारे धवले पंचेचाळीस वर्षं तोंडपाठ म्हणत आलेल्या. त्यांचा नेम होता, धवला मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्या देवाच्या नावापासून धरायचा. तशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्या संध्याकाळी आली. अर्ध्यावर त्या थबकल्या, डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून धरलं आणि पुन्हा मध्येच थांबल्या.

“आत्याला आता आठवत नाय,” नवरदेवाची आई पुतळा हळूच म्हणाली. “बस झाला. लाव रं गानी.” बायका हसल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं.

चंद्रशेखरने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. बायजाबाईंच्या उजव्या डोळ्यात नारिंगी ठिपका होता. कॅमेरा आठवड्यापूर्वीच घेतलेला. अंधारात फोकस सापडावा म्हणून त्याच्या पुढून एक बारीक नारिंगी दिवा आपोआप लागतो, तो बंद करायचा राहिला होता. मोतीबिंदू काढलेल्या त्या डोळ्यांवर त्या थांबल्या त्या दोन्ही वेळा त्यानेच तो रोखला होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्यात पुतळा म्हणाली, “तुमी बरे, फ्लॅश नाय मारत,” आणि तो हसून “हो ना” म्हणाला.

पुढच्या महिन्यात गावात दोन हळदी झाल्या. बायजाबाईंना बोलावणं नव्हतं. हे कळल्यापासून त्याला जेवण जाईना. त्याने तो फोटो काळापांढरा करून घेतला, म्हणजे ठिपका कळेनासा झाला, आणि फ्रेम घेऊन तो दिवाळ्याला गेला. माफी मागायला नव्हे, फोटो देऊन मोकळं व्हायला.

बायजाबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत होत्या. फोटो त्यांनी जवळ धरला, मग लांब धरला.

“मना त्या दिवशी डोल्यान उजेड आलता. पोरींना सांगलं, तं त्या म्हनल्या, म्हातारी निमित सांगते. तुझे फोटोन काय दिसतंय का रं?”

इतकी लाज चंद्रशेखरला उभ्या जन्मात वाटली नव्हती. शेवटी त्याने मोबाईलमधला मूळ फोटो काढून त्यांच्यापुढे धरला.

“उजेड माझ्या कॅमेऱ्याचा होता, आजी. मला तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही.”

त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. रागावल्या तर बरं, असं त्याला झालं.

“म्हंजे मी इसरली नाय,” त्या म्हणाल्या. मग फ्रेम त्याच्या हातात परत दिली. “यो नको. तो ठिपक्याचा दे. मोठा कर, दारानच लावतंय. आन खाली तुझा नाव टाक. माझा सांगना कोन आयकत नाय.”

दुसऱ्या दिवशी फोटो छापणारा अरविंद पडद्याकडे बघून हळहळला. “साहेब, एवढा भारी फोटो आणि डोळ्यात डाग? काढून टाकू? दोन मिनटांचं काम हाय.”

“नको.”

“मग खालचं तुमचं नाव तरी काढतो. लोक काय म्हणतील?”

चंद्रशेखर पडद्याजवळ वाकला.

“नाव जरा मोठं कर,” तो म्हणाला.