अर्ध्या कथेचा निकाल

माझा थोरला भाऊ लालासाहेब सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झाला, पण घरात अजून त्याचाच हुकूम चालतो. त्याची मुलगी राजनंदिनी कराडला मराठी घेऊन बी.ए. करते. पुढं एम.ए. करायचं तिच्या मनात आहे. दादाचं म्हणणं, गोष्टी वाचून कुणाचं भलं झालंय? सांगलीच्या साहित्य-स्पर्धेत पहिली आलीस तर एम.ए., नाहीतर नर्सिंगला नाव घालायचं. पोरीनं मुकाट्यानं मान्य केलं. मला मात्र असला राग आला, की दोघांबरोबर मीही गाडीत जाऊन बसले.

स्पर्धा जरा वेगळीच होती. परीक्षकबाई अर्धी कथा वाचणार. मुलांनी तिचा भाव ओळखायचा, पुढच्या घटनेची चाहूल कुठं लागते ते दाखवायचं, त्यातली रोमँटिक साहित्याची लक्षणं सांगायची.

कथेतला तरुण चांदण्या रात्री पलीकडच्या गावी प्रेयसीकडं निघतो. नदीला पूर आलेला. निघताना तो घरातल्या एकेकाचं नाव घेऊन चौकशी करतो, गोठ्यातल्या म्हशीचीही. मग आपल्या खोलीतला दिवा मालवतो आणि नावेत बसतो. बाई तिथंच थांबल्या.

सांगलीचा जयराज फर्डं बोलला. चांदणं, खवळलेली नदी, बुद्धीपेक्षा मनाचं ऐकणारा नायक, सगळी रोमँटिक लक्षणं त्यानं बिनचूक सांगितली. भाव आनंदाचा, शेवट लग्नात, म्हणाला. टाळ्या पडल्या.

राजनंदिनीला लक्षणं मान्य होती, भाव नव्हता.

“हा आनंद नाही, लपवलेली भीती आहे,” ती म्हणाली. “माझे वडील सैन्यात होते. एरवी फोनवर ‘बरं हाय न्हवं?’ एवढंच. पण धोक्याच्या ठिकाणी जायचं असलं, की सगळ्यांची नावं घेऊन विचारायचे. म्हशीचंसुद्धा. असा माणूस निरोप घेत असतो. आणि परतायची खात्री असती, तर यानं दिवा तेवता ठेवला असता.”

“म्हणजे तो परत येत नाही?” बाईंनी विचारलं.

“कथेतला नाही येत. माझे आले.”

बाईंनी उरलेली कथा वाचली. पहाटे नाव रिकामीच काठाला लागली होती. पहिला नंबर राजनंदिनीचा! मी शिट्टीच मारणार होते, वयाकडं बघून आवरलं.

दादा जागचा हलला नव्हता. पोरगी बक्षिसाची ढाल घेऊन आली, तर त्यानं ढालीकडं बघितलंही नाही.

“तुला कळत हुतं?”

“व्हय आबा. तुमचा तसला फोन झाला की आई देवापाशी बसायची.”

त्यानं माझ्याकडं बघितलं.

“आमाला समद्यांनाच कळत हुतं, दादा,” मी म्हणाले. “तुला सांगायचं कुणी?”

सगळ्यांसमोर माझा भाऊ रडला, आणि मला त्याचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. मग डोळे पुसून तो परीक्षकबाईंकडं गेला आणि ती कथा मागून घेऊन आला.

“घरी जाईस्तवर मला पैल्यापासनं वाचून दाखव,” तो पोरीला म्हणाला. “आनि एम.ए.ला हेच शिकवत्यात न्हवं? मग दोन वरसं कमी पडली तर चार शिक.”