शिगेचं माप

उटनूरकडच्या वसतिगृहांना ज्वारीचे लाडू पुरवायचे की शहरातल्या ठेकेदाराची बिस्किटं, हे त्या दुपारी ठरणार होतं. लाडू तामसीकडच्या बारा बायांच्या गटाचे, आणि मागच्या चाचणीत त्या लाडवांचा हातात घेताच भुगा झाला होता. गटातल्या कुसुमबाईचा लाडू उभ्या जन्मात फुटला नव्हता. फोडला तो कागदानं. पण कागदाला कोण दोष देतो? दोष बाईच्या हाताला.

कागद गटाचे अर्ज भरणाऱ्या सुपरवायझर सुरेंद्रचा. कुसुमबाईनं सांगितलं होतं, चार मापटी पीठ, दोन गूळ, एक तूप. अर्जात ग्रॅम लागतात म्हणून या पठ्ठ्यानं तिचं मापटं पाण्यानं भरून तोललं, किलोभर भरलं, आणि ठोकून दिलं: पीठ चार किलो, गूळ दोन, तूप एक. मागच्या चाचणीचे लाडू त्याच आकड्यांनी झाले होते. खुर्चीत बसून लाडू वळणाऱ्याची अक्कल तेवढीच.

"मावशी, आज तरी कागद पाहून करा," सुरेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला. "अंदाजपंचे चालत नाही इथं."

"अंदाज तुमी केला, साहेब. माह्याजवळ माप हाय."

तिनं पिशवीतून पितळी मापटं काढलं. तिच्या बारावी शिकलेल्या सुनेनं, सुनयनानं, ते काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. तपासणीच्या मॅडम चष्म्यावरून पाहू लागल्या.

कुसुमबाईनं पीठ भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं. पाचशे साठ ग्रॅम.

"काटा बिघडलेला आहे," सुरेंद्र म्हणाला.

"काऊन? तुमच्या मनासारखं नाई बोलला म्हणून?" तिनं मापटं उतरवलं, काटा पुन्हा शून्यावर घेतला, किलोची मिठाची पिशवी ठेवली. एक हजार चार. "चार गिराम पिशवीचे. बोला आता."

सुरेंद्र पिशवी उचलून तिच्यावरचं छापील वजन वाचू लागला. पाण्याच्या वजनानं पीठ मोजणारा माणूस तो.

"पन माही बी चूक झाली," कुसुमबाई मॅडमकडं वळून म्हणाली. "मी नुसतं 'मापटं' म्हनलं. आमच्यात पीठ सपाट कोनी मोजतच नाई, शिगेनं मोजते, वर ढीग चढवून. सांगावं लागंन असं वाटलंच नाई. घरी सुनेनं सपाट मोजून केले, तं लाडू शेणावानी बसले. तवा कळलं."

सुनयनानं मापटं रिकामं करून परत काट्यावर ठेवलं, आकडा शून्यावर आणला. कुसुमबाईनं त्यात पीठ ओतलं, ओतत राहिली. ढीग चढला, टोक निघालं, कडेनं ओघळू लागलं तशी थांबली. सांडलेलं झटकून सुनयनानं आकडा वाचला, "सातशे." गूळ दाबून भरला: नऊशे चाळीस. पातळ तूप काठोकाठ: नऊशे दहा. तीन जिनसा, तीन वजनं, आणि एकही किलो नाही.

मग मापटं बाजूला ठेवून तिनं सगळं काट्यावरच तोललं. पीठ तुपात खमंग भाजलं, गूळ विरघळवला, हात पोळत असताना लाडू वळले. पहिला मॅडमला नाही, सुरेंद्रला दिला.

"दाबा."

त्यानं दाबला. लाडू तसाच.

"जोर लावा, साहेब. मांगच्या वेळी लयच जोर होता तुमच्या तोंडात."

बाया फिदीफिदी हसल्या. मॅडमनी दुसरा उचलून चावला, तो दाताखाली नीट मोडला. त्यांनी आणखी एक उचलला. "अम्मा, ऑर्डर आपकी," त्या म्हणाल्या, आणि सुरेंद्रचा कागद उभा फाडून कोरा फॉर्म त्याच्यापुढं सरकवला. "ये जैसा बोलेंगी, वैसा लिखो."

'प्रमाण ठरवणारे' या रकान्यात त्याला कुसुमबाईचं नाव लिहावं लागलं.

"लिवा," ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "पीठ दोन हजार आठशे. लिवलं? गूळ अठराशे ऐंशी. तूप नऊशे दहा. आता मोठ्यानं वाचून दाखवा, मांगच्या बायांना आयकू येऊ द्या."

त्यानं वाचलं. मोठ्यानं.