नऊ पडदे, एक डबा

ऊसतोडीची टोळी निघाली होती. "कॉम्प्युटर चालू झाले तं पोरगी तुझ्यापाशी ठेवतो, न्हाई तं संगं नेतो," आश्रुबानं आईला, कस्तुराबाईला, बजावलं होतं. तिला धास्ती त्याचीच, नात ज्ञानेश्वरीची शाळा सुटायची. तिची स्वतःची दुसरी इयत्ता उसाच्या फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, कायमची राहून गेली होती.

गावचं वाचनालय चालवणाऱ्या रंगनाथरावांच्या सुनेनं, प्रियांकानं, सेलूच्या बंद पडलेल्या क्लासातून नऊ जुने कॉम्प्युटर तिथं आणले होते. सगळ्यांच्या वायरी कोपऱ्यातल्या एका बिनपडद्याच्या डब्यात गेल्या होत्या.

"मामी, हे नऊ म्हातारे. यांच्यानं रांधणं होत न्हाई. चूल त्या डब्यात, ही नुसती ताटं," प्रियांका कस्तुराबाईला म्हणाली.

कस्तुराबाईला ते लगेच पटलं. तिच्या माहेरी सगळी भावकी एकाच चुलीवर जेवायची, आणि जेवणं उरकली की आजी विस्तव राखेनं झाकून ठेवायची.

दुपारी प्रियांका जेवायला गेली. बाहेर टोळी न्यायला आलेल्या ट्रॅक्टरांनी धुरळा उठवला होता. कस्तुराबाईनं घरून जाड वाकळ आणून तो घुमणारा डबा चारी बाजूंनी झाकला.

आश्रुबा आला तेव्हा ज्ञानेश्वरी आपलं नाव लिहून बसली होती. बापाला दाखवायला वळली, तोच नऊच्या नऊ पडदे काळे पडले.

"हे चालायलंय व्हय? चल गं, ऊठ."

प्रियांका धावत आली. डब्याला हात लावताच तिला चटका बसला. "वाकळ कुणी घातली?"

"मी. विस्तव झाकला."

"अवो मामी, याला वारा लागतोय! लय तापलं की आपलं आपण बंद पडतंय."

कस्तुराबाईनं वाकळ ओढून काढली, भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं आणि डब्याला वारा घालायला लागली. बाहेर हॉर्न वाजला.

"माय, मुकादम बोंबलायलाय."

"बोंबलू दे. तुझ्या लग्नात बी असाच बोंबलत होता."

डबा निवल्यावर प्रियांकानं बटण दाबलं. एकेक पडदा उजळला. ज्ञानेश्वरीचा मात्र काळाच राहिला. ती उठून शेजारच्या कॉम्प्युटरवर बसली, आणि तिचं नाव तिथं उमटलं.

"तिथं लिव्हलेलं इथं कसं आलं?" आश्रुबा पुढं सरकला.

"बाबा, मी सेव्ह केलं होतं. सगळं त्या डब्यात राहतंय. कुठंबी बसलं तरी सापडतंय."

आश्रुबा बाहेर गेला. आला तेव्हा त्याच्या काखेत ट्रॅक्टरातून उतरवलेलं ज्ञानेश्वरीचं गाठोडं होतं. ते आईपुढं ठेवून तो बाकावर लेकीशेजारी टेकला.

"आता माझं लिव्ह," तो म्हणाला.

हॉर्न पुन्हा वाजला. कुणी हललं नाही.